तक्त्याचं दुसरं पान

"पारखेसाहेब, जरा सरका की तिकडं. टाचण्या मारायच्यात," असं म्हणून दौलतने मला चक्क बाजूला केलं.

दौलत आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयातला शिपाई. साहेबांच्या केबिनबाहेर, व्हरांड्यात एक हिरव्या कापडाचा फलक होता, आणि एकोणीस वर्षं त्या फलकावर माझा तक्ता लागत होता. अठ्ठावन्न आरोग्य केंद्रं, प्रत्येकापुढे आजारांचे आकडे, एकूण बेरीज लाल शाईने, खाली माझी सही. सांख्यिकी सहायक, य. द. पारखे. जानेवारी दोन हजार एकमधल्या त्या सोमवारी दौलतने माझा तक्ता काढून गुंडाळला, काखेत मारला आणि त्या जागी छिद्रांच्या पट्ट्या असलेला एक संगणकाचा कागद लावला.

त्यावर आकडे नव्हतेच. डावीकडे केंद्राचं नाव आणि पुढे नुसते तारे.

आंबेखोल  * * * * * * *
निवळी  * * * *
कासारदरी  * *  

"हे काय?" मी विचारलं.

"जुलाबाचं हाय म्हणं. त्या मुजावरबाईंनी काढलंय. जेवढं तारं जास्ती तेवढं जुलाब जास्ती. मलाबी कळतंय बघा."

दौलत चौथी शिकलेला होता. त्याला कळतंय हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

निलोफर मुजावर डिसेंबरात आली होती. अकरा महिन्यांच्या करारावर, संगणक चालवायला. वय चोवीस. ती येईपर्यंत आमच्याकडचा संगणक म्हणजे कापडाखाली झाकलेली एक वस्तू होती. त्यात मराठी उमटवणारं कार्डही होतं, पण त्यावर कोणी कधी काही उमटवलं नव्हतं. तिने पहिल्या महिन्यात माझ्या सगळ्या जुन्या नोंदवह्या त्यात भरल्या. रोज दोन वह्या मागून न्यायची, संध्याकाळी परत आणून द्यायची, आणि देताना म्हणायची, "सर, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. एकदाही अडले नाही." मला ते गोड वाटायचं, हे कबूल करतो. त्या वह्यांचं पुढे काय करणार हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी साहेब केबिनमधून बाहेर आले आणि फलकासमोर थांबले. माझ्या तक्त्यासमोर ते एकोणीस वर्षांत थांबले नव्हते. अर्थात तेव्हा साहेबही वेगवेगळे होते, पण थांबलं कोणीच नव्हतं.

"पारखे, हे बघितलंत? आता मला कळतंय जिल्ह्यात कुठे काय चाललंय ते."

"हो साहेब," मी म्हणालो. मग मी एकोणीस वर्षं काय तुमच्यासाठी रांगोळी काढत होतो, हे मनातल्या मनात म्हणालो.

मी तिच्याकडे जाऊन रीत विचारून घेतली. अगदी सहज विचारल्यासारखी. तिने आनंदाने सांगितली. संगणकाला आधी प्रश्न विचारायचा, कुठल्या केंद्रात किती रुग्ण. तो यादी देतो. मग त्यालाच सांगायचं की या आकड्याला दहाने भाग आणि जेवढा भागाकार येईल तेवढ्या वेळा ताऱ्याचं चिन्ह लागोपाठ छाप. कागदावर आडवी ऐंशीच अक्षरं मावतात, म्हणून दहाला एक तारा.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच, सर. अवघड काम तुम्ही आधीच करून ठेवलंय."

मला ती लोणी लावते आहे असं वाटलं. त्या रविवारी मी घरी टंकयंत्र काढलं आणि तोच तक्ता स्वतः करून पाहिला. एकेक तारा बोटाने मोजून हाणायचा. सत्ताविसाव्या केंद्राला चुकलो, कागद काढला, दुसरा घातला. बायको चहा घेऊन आली आणि खांद्यावरून बघत म्हणाली, "भरतकामाचा नमुना आहे का? मला द्या झाला की." मी टंकयंत्र झाकून ठेवलं आणि दिवसभर तिच्याशी धड बोललो नाही.

पुढे दर सोमवारी नवा तक्ता यायला लागला. हिवताप, कुत्रा चावणं, कावीळ. लोक येता-जाता उभे राहून वाचायचे. दौलत तिच्या टेबलावर आधी चहा ठेवायला लागला, मग माझ्या. असल्या गोष्टीचं वाईट वाटू नये हे मला कळत होतं. पण मत्सर असा असतो की त्याला चहाचा कपसुद्धा पुरतो. ती आली की मी फायलीत डोकं घालायचो. ती "सर" म्हणायची आणि मी "हं" म्हणायचो.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. मला कच्चं काम करायला पाठकोरे कागद लागायचे, हे दौलतला ठाऊक होतं. तिचा तक्ता एका पानात मावायचा नाही. वर मथळा आणि केंद्रांच्या अठ्ठावन्न ओळी यांतच पहिलं पान भरायचं, त्याखालच्या चार-पाच ओळी दुसऱ्या पानावर जायच्या. फलकावर एकाच पानाची जागा. दौलत छिद्रांवरून पान फाडायचा, पहिलं फलकावर लावायचा आणि दुसरं उलटं करून, कोरी बाजू वर, माझ्या ट्रेमध्ये ठेवायचा. मी त्यावर माझ्या बेरजा करायचो. खालच्या बाजूच्या छपाईचे काळे ठिपके मागून दिसायचे. ते मी कधी वाचले नाहीत. तिचं छापलेलं वाचायची मला गरज नव्हती.

मे महिन्यात सर्पदंशाची बैठक होती. पावसाळ्याआधी कुठल्या केंद्राला सापाच्या इंजेक्शनची किती खोकी द्यायची, हे त्या बैठकीत ठरतं. आमचा जिल्हा डोंगराचा, भातखाचरांचा. त्या वर्षी वरून साठाच कमी आला होता. साहेबांनी सांगून टाकलं, मुजावरांचा तक्ता घ्या, एका ताऱ्यामागे एक खोकं, म्हणजे वाद नको.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी ती तक्ता घेऊन माझ्या टेबलाशी आली. दौलतने पान नुकतंच फाडलेलं होतं. तिच्या हातात पहिलं होतं.

"सर, उद्या हा वापरणार आहेत. खाली सगळं लिहिलंय मी, पण तुम्ही एकदा नजर टाकाल का? तुम्ही बघितलंत की मला भीती नाही."

"ठेवा."

ती गेल्यावर मी माझी नोंदवही काढली आणि ओळीने तपासायला लागलो. आंबेखोल एकशे चौतीस, तेरा तारे. बरोबर. निवळी बासष्ट, सहा. बरोबर. कासारदरीपुढे काहीच नव्हतं. बाकी दोन केंद्रांपुढेही काही नव्हतं, पण ती शहराला लागून असलेली, तिथे खरोखरच कोणाला साप चावला नव्हता. कासारदरीला गेल्या वर्षी नऊ जणांना चावला होता.

नऊ भागिले दहा. संगणक पूर्ण भागाकारच घेणार, उरलेलं टाकून देणार. नवाचं शून्य झालं होतं.

मला आतून उकळी फुटली. खोटं कशाला सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. मी ट्रेमधला सगळ्यात वरचा पाठकोरा कागद ओढला आणि सवयीप्रमाणे वर तारीख घालून लिहिलं: "कासारदरी ९. तारा नाही. मुजावर तोंडघशी. आपण बोलायचं नाही." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

मला वाटलं, बैठकीतच कासारदरीचे डॉक्टर उठतील, विचारतील, साहेब मला हाक मारतील आणि मी वही उघडून दाखवीन. त्यापलीकडे माझा विचार गेला नाही. मी तक्त्याच्या कोपऱ्यात "तपासले" असं लिहून सही केली आणि दौलतकडे दिला.

बैठकीला कासारदरीचे डॉक्टर आलेच नाहीत. ते रजेवर होते. कोणी विचारलं नाही. खोकी वाटली गेली. मी संध्याकाळी साहेबांकडे जाऊन सांगू शकत होतो. दुसऱ्या दिवशीही सांगू शकत होतो. मी म्हणत राहिलो की ते डॉक्टर रजेवरून आले की ओरडतील, मग बघू. त्यांची बदली झाली. नवीन आले नाहीत. जून आला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कासारदरीच्या हौसाबाई गुरव सकाळी बांधावर गवत कापत होत्या. गवतात फुरसं होतं. उजव्या हाताला चावलं. केंद्रात नेलं तर इंजेक्शन नाही. जीपमधून तालुक्याला निघाले, वाटेतला पूल पाण्याखाली, म्हणून लांबून वळसा. साडेतीन तास लागले. जीव वाचला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढावं लागलं.

ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेच्या सभेत एका सदस्याने हा विषय काढला, आणि साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे फाईल उघडी होती. त्यात तो तक्ता, पहिलं पान.

"मुजावर, कासारदरीला तुमच्या तक्त्यात काहीच नाही."

"साहेब, नऊ होते. दहाला एक तारा, म्हणून तारा येत नाही. ते मी खाली टीप देऊन लिहिलं होतं. नावासकट."

"कुठे खाली?"

तिने वाकून पाहिलं. पान शेवटच्या केंद्रापाशी संपत होतं.

"दुसऱ्या पानावर होतं, साहेब. मला वाटलं ते फाईलला लागतं. मी आत्ता परत छापून देते."

"आत्ता छापलेल्याला काय अर्थ आहे? टीप आज घातली असं कोणीही म्हणेल." साहेब माझ्याकडे वळले. "पारखे, तुमची सही आहे यावर."

"मी तारे तपासले होते, साहेब," मी म्हणालो. "तारे बरोबर होते."

हे वाक्य मी जुळवून आणलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. निलोफर माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, जणू मी तिची बाजू घेतली.

"मे महिन्यातलं ते पान असेल तर आज पाचपर्यंत आणा," साहेब तिला म्हणाले. "नसेल तर तुमचा करार मला थांबवावा लागेल. माझाही इलाज नाही."

बाहेर येताच तिने दौलतला गाठलं. "दौलतमामा, तक्त्याचं दुसरं पान कुठं जातं?"

"कुठं म्हंजी? पारखेसाहेबांच्या ट्रेत. पयल्यापास्नं. त्यांना पाठकोरं लागतंय न्हवं."

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता, हे मला अजून दिसतं.

"सर, तुमच्याकडे आहे?"

"रद्दीत गेलं असेल," मी म्हणालो. "बघतो."

व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. साहेबांनी जबाब घ्यायला बोलावलं होतं. उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. नवरा पाणी आणायला गेला होता. मी त्यांच्यापुढून जाताना त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. समोर फलकाशेजारच्या भिंतीवर मेपासून त्याच सर्पदंशाच्या तक्त्याची झेरॉक्स चिकटवलेली होती, कारण पावसाळाभर ती लावून ठेवा असं साहेबांनीच सांगितलं होतं.

"सायेब, मला वाचाय येतंय थोडं," त्या म्हणाल्या. "ह्ये कासारदरी न्हवं?"

"हो."

"आंबेखोलाफुडं इवढं काय काय हाय. आमच्याफुडं कायबी न्हाई. म्हंजी काय असतंय ते?"

मी म्हणालो, "चूक झाली, बाई."

"असू दे. तुमी मुद्दाम थोडंच केलंय," त्या म्हणाल्या आणि फडक्यातला हात मांडीवर नीट ठेवून बसल्या.

मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. रद्दीत काहीच गेलं नव्हतं. मी आयुष्यात कागद फेकलेला नाही. खालच्या खणात सगळे पाठकोरे कागद तारखेने लावलेले होते. मेमधला काढला आणि पहिल्यांदा उलटा केला. वर चार-पाच ओळींत छापलं होतं:

"टीप : एक तारा म्हणजे दहा रुग्ण. दहापेक्षा कमी असतील तिथे तारा येत नाही, म्हणून रुग्णच नाहीत असे समजू नये. तारा न आलेले केंद्र : कासारदरी, रुग्ण ९. खरे आकडे श्री. पारखे सरांच्या तक्त्यात पाहावेत. हा तक्ता त्यांच्याच एकोणीस वर्षांच्या नोंदींवरून केला आहे. तारे मी मांडले, काम त्यांचे आहे. नि. मुजावर."

मी दुसरा कागद उलटला. हिवताप. खाली माझं नाव. तिसरा, कुत्रे. माझं नाव. कावीळ, जुलाब, गोवर. मी खाली बसून एकूण एक उलटले. जानेवारीपासून दर सोमवारी तिने माझं नाव छापलं होतं, आणि दर सोमवारी मी त्याच्या पाठीवर बेरजा केल्या होत्या.

साडेचार वाजले होते. मेचा कागद पुन्हा पालथा केला. "मुजावर तोंडघशी. आपण बोलायचं नाही." माझं छापल्यासारखं अक्षर. कोणालाही वाचता येईल असं.

दुसऱ्या एखाद्या आठवड्याचा कागद नेता आला असता. पण त्यावर कासारदरीचे नऊ नव्हते, आणि ते नऊच हवे होते. पांढरी शाई काढून झाकण उघडलं. दोन रेघा मारलेल्या ओळीवर ती लावली तर काहीतरी लपवलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. झाकण लावलं. क्षणभर असंही मनात आलं की सापडला नाही म्हणावं. ती तरुण आहे, शिकलेली आहे, दुसरीकडे लागेल. हा विचार मी खरोखर केला, आणि बराच वेळ केला. मग बाकावरच्या बाईंचं ते "मुद्दाम थोडंच केलंय" मला सोडेना.

पाचला दहा मिनिटं असताना मी कागद घेऊन गेलो. छापलेली बाजू वर धरली होती. साहेबांच्या टेबलावर तशीच ठेवली आणि कडेवर बोट दाबून उभा राहिलो.

साहेबांनी टीप मोठ्याने वाचली. कासारदरीचं नाव वाचलं, माझंही वाचलं. वरच्या कोपऱ्यात छापलेली तारीख पाहिली.

"बरं झालं, पारखे. पोरीची नोकरी वाचली," ते म्हणाले. "वाटपाचं मी बघतो. चूक आमचीच, दुसरं पान मागायला हवं होतं. मुजावर, याची झेरॉक्स काढून फाईलला लावा."

तिने कागद दोन्ही हातांनी उचलला. डोळे पुसत होती. "थँक्यू, सर," मला म्हणाली.

झेरॉक्सचं यंत्र व्हरांड्याच्या टोकाला होतं. मी केबिनच्या दारातून तिच्याकडे बघत राहिलो. मला एकदम आठवलं की झेरॉक्स काढताना कागद पालथा ठेवावा लागतो. पळत जाऊन "द्या इकडे, मी काढतो" म्हणावं असं वाटलं. पाय उचलला नाही.

तिने झाकण उघडलं. छापलेली बाजू काचेवर ठेवली. कोपरे सारखे केले. मग तिचा हात थांबला.

चार छोटी वाक्यं होती. वाचायला कितीसा वेळ लागणार? ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग तिने झाकण लावलं, बटण दाबलं, पलीकडून निघालेली प्रत घेतली आणि साहेबांच्या फाईलला लावली. मूळ कागद घेऊन माझ्यापाशी आली.

"साहेबांना झेरॉक्स पुरते," ती म्हणाली. "हा तुमचा कागद."

"मुजावर, ऐका," मी म्हणालो.

"पाच वाजलेत, पारखेसाहेब. माझी एसटी आहे."

आठ महिन्यांत तिने मला सर सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दौलत नवा तक्ता लावत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने ओळी जवळ घेतल्या होत्या. दहाच्या आतल्या केंद्रांपुढे आता एक टिंब होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी खरा आकडा होता. टीप वर, मथळ्याखाली आली होती. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत एकदा वाचली. टिंबाचा अर्थ होता, ताऱ्याचा अर्थ होता. आकडे मूळ नोंदवहीत पाहावेत असं लिहिलं होतं. नोंदवही कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

करार संपेपर्यंत ती आमच्याकडे होती. तोपर्यंतचे सगळे तक्ते मी असेच दोनदोनदा वाचले.

"आता समदं एकाच पानात बसवलंय बघा बाईंनी," टाचणी दाबत दौलत म्हणाला. "तुमच्या पाठकोऱ्यांचं आता काय करायचं?"